धाव दोघांची, मदत तिसऱ्याला

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी भल्या पहाटे मुंबईच्या लोकलमध्ये नेहमीपेक्षा वेगळी गर्दी दिसते. छातीवर पिनांनी टाचलेला क्रमांक, पायांत धावण्याचे बूट आणि हातात डब्याच्या पिशवीऐवजी पाण्याची बाटली. कुणी बँकेतले, कुणी शाळेतल्या बाई, कुणी नुकतेच निवृत्त झालेले आजोबा. यांतल्या बहुतेकांना पक्के ठाऊक असते की, आपला नंबर काही येणार नाही. मग सुटीच्या दिवशी उबदार अंथरूण सोडून २१ किलोमीटर धावायचा हा खटाटोप कशासाठी?

कुणी प्रकृतीसाठी धावतो, कुणी हौसेसाठी. पण १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून आणखी एक कारण आपल्याकडे रुजले. दुसऱ्या कुणासाठी तरी धावायचे आणि त्या निमित्ताने ओळखीपाळखीच्या लोकांकडून मदत गोळा करायची. २००४ साली ही कल्पना अनेकांना नवखी होती. २०२३ च्या स्पर्धेच्या निमित्ताने मात्र सामाजिक संस्थांसाठी चाळीस कोटी रुपयांहून अधिक निधी जमला.

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. तिच्या निम्मी, म्हणजे साधारण २१.१ किलोमीटरची ती अर्धमॅरेथॉन. नोकरी, घर, मुलांचे अभ्यास सांभाळणाऱ्या माणसाला मेहनतीने जमण्याजोगे हे अंतर आहे. आणि ही मेहनत एकट्यापेक्षा दोघांना जास्त सोपी जाते.

दोन मित्रांची गोष्ट

निधीसाठी धावण्याच्या या परंपरेच्या मुळाशीच मैत्री आहे. कॅनडातल्या टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाने तो देशाच्या पूर्व टोकापासून धावू लागला. कर्करोगावरील संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर मिळवायचा, हा त्याचा संकल्प होता. रोज जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन!

त्याच्याबरोबर होता त्याचा मित्र डग अल्वर्ड. तो गाडी चालवायचा, मैलभर पुढे जाऊन थांबायचा, टेरी पोहोचला की त्याला पाणी द्यायचा आणि पुन्हा पुढे निघायचा. थकव्याने दोघांचे इतके खटके उडाले की मध्ये बोलणेसुद्धा बंद झाले. टेरीचे आईवडील वाटेत येऊन भेटले, पुढे धाकटा भाऊही सोबतीला आला आणि गाडी पुन्हा रुळावर आली. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर कर्करोग फुफ्फुसात पसरल्याचे कळले आणि टेरीला थांबावे लागले. जून १९८१ मध्ये तो गेला. पण त्याआधी, त्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमले होते. कॅनडाची लोकसंख्याही तेव्हा जवळपास तेवढीच होती.

त्याच वर्षी, २९ मार्च १९८१ रोजी, लंडन मॅरेथॉन सुरू झाली. तीही ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली या दोन मित्रांनी सुरू केलेली. त्या पहिल्या शर्यतीत अमेरिकेचा डिक बिअर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमॉन्सन यांनी हातात हात घालून अंतिम रेषा ओलांडली. विजेते दोघेही! या शर्यतीने आजवर एक अब्ज पौंडांहून अधिक निधी समाजकार्याला मिळवून दिला आहे.

पैसा कसा उभा राहतो?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्पर्धेचे प्रवेशशुल्क म्हणजे देणगी नव्हे. ते सहसा रस्त्यावरची व्यवस्था, पाणी, वैद्यकीय मदत यांसाठी खर्च होते. नुसते नाव नोंदवून धावल्याने कुठल्याही संस्थेला आपोआप रुपया मिळत नाही. त्यासाठी धावणाऱ्याने संस्था निवडावी लागते आणि तिच्यासाठी लोकांपुढे हात पसरावा लागतो.

खरे तर २१ किलोमीटर धावण्यापेक्षा हेच अवघड जाते. 'मागायचे कसे?' हा संकोच मध्यमवर्गीय घरात फार. इथे जोडीदार कामी येतो. एकाने कचेरीत शब्द टाकावा, दुसऱ्याने सोसायटीत आणि नातेवाइकांत. रक्कम मोघम न ठेवता स्पष्ट सांगावी: 'एका मुलाच्या वर्षभराच्या वह्यापुस्तकांसाठी', 'एका रुग्णाच्या तपासणीसाठी'. असे सांगितले की देणाऱ्याला आपला पैसा कुठे जातो ते दिसते.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नयेत. ते थेट संस्थेकडे किंवा स्पर्धेने नेमलेल्या यंत्रणेमार्फत जावेत आणि देणाऱ्याच्या नावाने पावती निघावी. संस्था निवडताना तिची नोंदणी, ताळेबंद आणि प्राप्तिकर सवलतीचे प्रमाणपत्र पाहावे. रोख देणगी दोन हजार रुपयांपेक्षा जास्त असेल, तर ती सवलत मिळत नाही, हेही आधीच सांगावे.

गरज किती खरी असते, हे बारामतीच्या लता करे यांनी महाराष्ट्राला दाखवले. पतीच्या उपचारांसाठी पैसे नव्हते म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी ज्येष्ठांच्या शर्यतीत धावली आणि जिंकली. २०२० मध्ये तिच्या आयुष्यावर चित्रपट आला. आपण टाळ्या वाजवल्या. पण नवऱ्याच्या उपचारांसाठी कुणाही बाईवर असे धावायची वेळ येऊ नये, म्हणूनच धडधाकट माणसांनी धावायला हवे.

बोलत बोलत धावा

तयारीला किमान चार महिने द्यावेत. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीला थोडे चालणे, थोडे धावणे. आठवड्यातून तीन-चार दिवस सराव पुरेसा. त्यातल्या एका दिवशी अंतर हळूहळू वाढवत न्यावे.

वेग किती असावा? याचे उत्तर घड्याळापेक्षा मित्र चांगले देतो. धावताना त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले, तर वेग बरोबर आहे. शब्द तुटू लागले की वेग कमी करावा. आणि पहाटे साडेपाचला कोपऱ्यावर कुणी आपली वाट पाहत उभे आहे, हे माहीत असले की गजर बंद करून पुन्हा झोपण्याचा मोह आपोआप आवरतो.

मुंबईत जानेवारीतही हवा दमट असते. सूर्य वर आला की घामाच्या धारा लागतात. अशा वेळी पाण्याबरोबर मीठही पोटात जायला हवे. पेडर रोडचा चढ येतो तो पाय जड झालेले असताना. तिथे अनेक जण चालू लागतात, त्यात कमीपणा काही नाही. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर मात्र लगेच थांबून मदत घ्यावी.

एक थांबला तर?

हे दोघांनी आधीच ठरवून ठेवावे. एकाचा गुडघा दुखावला, तर दुसऱ्याने थांबायचे की पुढे जायचे? दुखणे किरकोळ असेल आणि मदतनीस जवळ असतील, तर एकाने पुढे जायला हरकत नाही. प्रसंग गंभीर असेल, तर मित्राजवळ राहणे हीच खरी शर्यत. देणाऱ्यांनी पैसे दिलेले असतात ते कामासाठी, आपल्या वेळेसाठी नव्हे. टेरीची धाव अर्धवट राहिली, म्हणून कुणी आपला डॉलर परत मागितला नाही.

देणाऱ्यांचा हक्क असतो तो हिशेबावर. म्हणून आठवडाभरात प्रत्येकाला दोन ओळी कळवाव्यात: किती जमले, कुणाला पोहोचले, त्यातून काय होणार. शंभर रुपये देणाऱ्यालाही आणि दहा हजार देणाऱ्यालाही. ज्याला असा निरोप मिळतो, तो पुढच्या वर्षी पुन्हा देतो. कधी कधी तर विचारतो, "यंदा मीही येऊ का धावायला?"