एकेका फ्रेमचा हिशेब

घोडा भरधाव पळताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? या वादाचा निकाल लावायला एडवर्ड मायब्रिजने १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि आडवे धागे ताणले. सॅली गार्डनर नावाची घोडी पळत गेली, तसतसे धागे ओढले जाऊन एकामागून एक शटर पडत गेले. पाय सुटतात, हे सिद्ध झालं. पण सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला घोडा चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या रंगवत आले होते, त्यांची मोठीच पंचाईत झाली.

घोड्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला मायब्रिजचं त्यानंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं. १८८४ ते १८८६ या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने माणसं आणि जनावरं यांच्या हालचाली टिपल्या, आणि १८८७ मध्ये त्यांचे ७८१ तक्ते प्रसिद्ध केले. जिना उतरणारी बाई, चेंडू फेकणारा पुरुष, चालणारा हत्ती. मागे चौकटी आखलेला पडदा, म्हणजे डोकं किती वर गेलं ते मोजता यावं. बऱ्याच हालचाली बाजूने, समोरून आणि मागून एकाच क्षणी घेतलेल्या. प्रत्येक तक्त्याला क्रमांक आणि त्यात काय घडतंय याचं नाव. अ‍ॅनिमेशनवाले आज ज्याला रेफरन्स लायब्ररी म्हणतात, ती इथे जवळजवळ पूर्ण तयार झालेली दिसते. या तक्त्यांच्या पुनर्मुद्रित आवृत्त्या अ‍ॅनिमेटरांच्या टेबलावर अजूनही सापडतात. मात्र पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की काही तक्त्यांत मधली चित्रं गाळलेली आहेत, काहींत क्रम जुळवून घेतलेला आहे. तेव्हा रेफरन्सवरही डोळे झाकून विसंबू नये.

तीसच्या दशकात डिस्नेचा स्टुडिओ ‘स्नो व्हाइट’ची तयारी करत होता, तेव्हा मार्जरी बेल्चर या तरुण नर्तिकेला (पुढची मार्ज चॅम्पियन) नायिकेसारखा पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर नाचवलं, चालवलं. त्या फिल्मच्या फ्रेम कागदावर छापून अ‍ॅनिमेटरांच्या हाती दिल्या जात. गठ्ठा बोटांत धरून पानं उलटायची, की झग्याचा घोळ अंगामागून कसा येतो ते दिसे. मोह अर्थातच गिरवण्याचा. गिरवायचं यंत्रही तयार होतं. मॅक्स फ्लायशरने रोटोस्कोपच्या पेटंटसाठी १९१५ मध्येच अर्ज केला होता, आणि विदूषकाच्या वेशातला त्याचा भाऊ डेव्ह फिल्मवरून कागदावर उतरून कोको झाला होता.

पण डिस्नेच्या लोकांना लवकरच कळून चुकलं, की जसंच्या तसं गिरवलेलं पात्र पडद्यावर तरंगतं. त्याला वजन राहत नाही. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या स्टुडिओतल्या दोन मुरलेल्या अ‍ॅनिमेटरांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात यावर सविस्तर लिहिलंय. फिल्म बघावी, त्यातल्या नेमक्या पोझ उचलाव्यात, त्या वाढवून काढाव्यात आणि बाकीची फिल्म बाजूला ठेवावी, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. ‘बॅम्बी’च्या वेळी तर हरणाची दोन जिवंत पाडसं स्टुडिओत आणून ठेवली होती, ती काही गिरवायला नव्हे.

आज साठवण्याची अडचण उरलेली नाही, आणि खरा घोटाळा तिथेच आहे. हार्डडिस्कवर ‘मांजर’, ‘पाऊस’, ‘मारामारी’ अशी फोल्डरं, त्यांत शेकडो क्लिपा. त्या पुन्हा कुणी उघडत नाही. विषयावरून लावलेला संग्रह कामाच्या वेळी दगा देतो, कारण अ‍ॅनिमेटरला मांजर नको असते, त्याला मांजर उडी मारण्याआधी अंग कसं दाबते ते हवं असतं. म्हणून नाव क्रियेचं द्यावं: ‘बसून उठणे, म्हातारा, बाजूने, २४’. शेवटचा आकडा फ्रेमरेटचा, आणि तो लिहायलाच हवा. मोबाइल पुष्कळदा उजेड पाहून फ्रेमरेट स्वतःच कमीजास्त करतो. तशी क्लिप जशीच्या तशी टाइमलाइनवर टाकली की मोजलेली वेळ फसते. आधी ती ठरावीक फ्रेमरेटमध्ये बदलून घ्यावी. सेकंदाला १२० फ्रेमने घेतलं असेल तर खऱ्या गतीसाठी दर पाचवा फ्रेम धरायचा.

आता मांडी घालून बसलेला माणूस उठतो, ती एकच क्रिया घेऊ. वेळ साधारण दोन सेकंद, म्हणजे ४८ फ्रेम. बाणाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे गेलं, की पहिल्यांदा हलते ती नजर. मग एक हात जमिनीवर टेकतो. मांडी सुटून एक पाऊल अंगाजवळ रोवलं जातं. डोकं वर जायच्या ऐवजी पुढे आणि खाली येतं, कारण भार त्या पावलावर आणायचा असतो. कंबर उचलली जाते ती त्यानंतर. वयस्क माणूस असेल तर दुसरा हात गुडघ्यावर दाबला जातो आणि तिथे हालचाल क्षणभर अडते. नवशिका डोकं पहिल्या फ्रेमपासून वर न्यायला लागतो, आणि पात्र कुणी दोरीने ओढल्यासारखं उठतं.

संकलकांकडेही हीच शिस्त सापडते. ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी साडेबारा लाख फूट फिल्म खर्ची पडली होती, म्हणजे २३० तासांहून जास्त. त्याच्या संकलकांपैकी एक वॉल्टर मर्च. प्रत्येक सेटअपमधले निवडक फ्रेम छापून भिंतीवर लावण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. शॉट नुसत्या क्रमांकाने शोधण्यापेक्षा चेहऱ्यावरून शोधता येतो, आणि दोन फ्रेम शेजारी आले की न सुचलेला कटही सुचून जातो. मायब्रिजच्या तक्त्याशी याचं नातं उघड आहे. हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये थंबनेलची जाळी आपोआप मिळते, पण फ्रेम आपणच निवडलेला नसेल तर तिचा उपयोग निम्मा.

आपल्याकडच्या अ‍ॅनिमेटरांची एक अडचण या तयार संग्रहांनी सुटत नाही. परदेशी लायब्रऱ्यांत खुर्चीवरून उठणारे ढिगाने मिळतात. उकिडवी बसून भांडी घासणारी बाई, नऊवारीचा काष्टा सावरत पायऱ्या उतरणारी आजी, डोक्यावर पाटी घेऊन मान ताठ ठेवत वळणारी कोळीण शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. हे आपलं आपल्यालाच चित्रित करावं लागतं: तिपाईवर कॅमेरा स्थिर, पूर्ण अंग चौकटीत, पावलं न कापता, बाजूने एकदा आणि समोरून एकदा. आणि समोरच्या माणसाला विचारून, कशासाठी हवंय ते सांगून. त्याच दिवशी नाव घालून ठेवलं नाही, तर महिन्याभराने तीही ‘नवीन फोल्डर’मधली आणखी एक क्लिप होते.