‘हेड गेलं’ म्हणण्याआधी : सॉल्व्हंट प्रिंटर आणि नागपूरचा उन्हाळा

आज आपण फ्लेक्स छापणाऱ्या मोठ्या सॉल्व्हंट प्रिंटरबद्दल बोलू. आम्ही नागपुरात साइनबोर्डचं दुकान चालवतो, त्यामुळे जे सांगतोय ते दुकानातल्या अनुभवाचं आहे.

एका मे महिन्यात आमच्या मशीनवर काळ्या रंगात पांढऱ्या रेघा यायला लागल्या. दिवसभर क्लीनिंग मारलं, शाई वेस्टच्या डब्यात गेली, रेघा तशाच. हेड गेलं, असं ठरवून आम्ही नवीन मागवणारच होतो. छोट्या दुकानाला हेड म्हणजे काही महिन्यांची कमाई. निघालं काय? शाईचा डँपर चोंदला होता. हेड ठणठणीत!

तेव्हापासून आमचा एक नियम आहे : आधी स्वस्त कारण तपासायचं, महाग कारण शेवटी.

सुरुवात नोझल चेकपासून. एक प्रिंट काढून भागत नाही, लागोपाठ तीन काढा आणि शेजारी ठेवा. प्रत्येक वेळी त्याच जागेच्या रेघा गायब असतील, तर ती छिद्रं चोंदली आहेत. गायब रेघांची जागा बदलत असेल, तर दोष बहुधा शाईच्या पुरवठ्यात असतो : नळीत हवा, चोंदलेला डँपर किंवा फिल्टर. अशा वेळी क्लीनिंग मारत बसणं म्हणजे शाई वाया घालवणं. नोझल चेक स्वच्छ आहे, पण छपाईत ठरावीक अंतरावर आडवे पट्टे येतात? मग फ्लेक्स सरकण्याचं माप, म्हणजे स्टेप, बघा. प्रतिमा सरकलेली किंवा दुहेरी दिसते? एन्कोडर पट्टीवर शाईचा डाग आहे का ते बघा.

आता नागपूरचा प्रश्न. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठाक होते. हेडची छिद्रं केसाहूनही बारीक. सॉल्व्हंट उडून गेलं की शाई तोंडाशीच वाळते. शिवाय कोरड्या हवेत फ्लेक्सच्या रोलवर स्थिर वीज साठते, थेंब भरकटतात आणि अक्षरांच्या कडा धुरकट होतात. म्हणून मशीनचं अर्थिंग पक्कं हवं. खोलीत कूलर लावा, ओलावा उपयोगी पडतो. पण त्याचा झोत थेट मशीनवर नको. पावसाळ्यात मात्र हाच कूलर नडतो : छपाई लवकर वाळत नाही आणि गुंडाळलेला रोल चिकटतो.

रोजची निगा तशी सोपी आहे. रात्री कॅपची कड आणि वायपर, शाईच्या कंपनीच्याच फ्लशने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. हेडच्या तोंडावर कोरडं कापड कधीही फिरवू नका. हेड कॅपवर नीट बसलंय ना, बघा. काम नसलं तरी रोज सगळ्या रंगांची एक पट्टी छापा. स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या जातीची शाई जुनीत मिसळू नका. गाळ झाला, तर मग खरंच हेड जातं.

आणि ऑपरेटरची निगा? हा वास नुसता वास नाही, ती सॉल्व्हंटची वाफ आहे. डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं. खोलीला एक्झॉस्ट पंखा हवाच. फ्लश हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. वाफ पेट घेते, म्हणून मशीनच्या खोलीत बिडी-काडी बंद.

शेवटी एक काम घरी जाऊन करा. एक वही घ्या आणि रोजचा नोझल चेक तारीख टाकून तीत चिकटवा. मार्बत, दसऱ्याला दीक्षाभूमी, डिसेंबरात अधिवेशन, अशा गर्दीच्या दिवसांत मशीन अडलं, तर मेकॅनिकच्या आधी ती वही उघडा. बिघाड कधी सुरू झाला, हे तिथे दिसेल.