गळक्या साठ्याचं हृदय

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला दूध आठवतं, हाडं आठवतात. हृदयाशी त्याचा संबंध कळला तो लंडनमध्ये, १८८३ साली, आणि तोही नळाच्या पाण्यामुळे! सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवत. नळाच्या पाण्यातलं द्रावण असलं की ते बराच वेळ धडधडे, ऊर्ध्वपातित पाण्यात लवकर थांबे. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा.

आता पेशीच्या आत जाऊ. प्रत्येक ठोक्याला विजेची लहर येते, बाहेरून थोडं कॅल्शियम आत शिरतं आणि आतल्या साठ्याची दारं उघडतं. तिथून भरपूर कॅल्शियम सुटतं, पेशी आकसते. मग पंप ते परत साठ्यात भरतो. दोन ठोक्यांच्या मध्ये ही दारं घट्ट मिटलेली हवीत.

काही मुलांमध्ये ती जन्मतःच सैल असतात. या आजाराला सीपीव्हीटी म्हणतात. दाराच्या जनुकातला दोष २००१ मध्ये सापडला. मूल पळतं, घाबरतं, अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, साठा ठासून भरतो आणि दार अवेळी किलकिलं होतं. गळलेलं कॅल्शियम बाहेर टाकताना एका कॅल्शियमच्या बदल्यात तीन सोडियम आत येतात. हिशेब करा: दोन धनभार गेले, तीन आले. उरलेला एक भार म्हणजे वीजच की! तिच्यातून नको तेव्हा ठोका उठतो, एकामागून एक उठत राहतात आणि मूल कोसळतं.

खरी पंचाईत पुढे आहे. झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, रक्तातलं कॅल्शियमही नॉर्मल. मग ‘फिट आली’ म्हणून वर्षानुवर्षं मिरगीची औषधं चालतात. म्हणून पळताना, पोहताना किंवा एकदम दचकल्यावर मूल बेशुद्ध पडलं, तर ते नेमकं काय करत होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि हृदयतज्ज्ञांकडे ट्रेडमिल चाचणीबद्दल विचारा. दोष बहुतेकदा तिथेच दिसतो.

उपचार आहेत. बीटा-ब्लॉकर रोज घ्यावा लागतो, गरज पडली तर जोडीला फ्लेकेनाइड. बरं वाटतंय म्हणून गोळी चुकवणं इथे जिवावर बेतू शकतं. (हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही, त्या मनानेच बंद करू नका.) निदान झालं की आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करायची, त्यांना कधी चक्करसुद्धा आलेली नसली तरी.