कामाची आखणी आणि व्यवस्था

शाळेत एखादे नवे काम काढावयाचे ठरले म्हणजे प्रथम सभा भरते, ठराव होतो आणि उत्साही मंडळी लगेच विटा-वाळूची चौकशी करू लागतात. पुढे काम कोठे अडते, हे बहुधा कोणाच्याच ध्यानात येत नाही. पैसा कमी पडला, गवंडी आला नाही, पाऊस लवकर लागला, अशी कारणे सांगितली जातात. परंतु त्यांपैकी पुष्कळशी आधीच दिसण्यासारखी असतात. ती वेळीच दिसावीत, एवढ्यासाठीच कामाची आखणी करावयाची असते.

येथे ‘योजना’ हा शब्द मर्यादित अर्थाने घेतला आहे. रोज हजेरी घेणे, फळा पुसणे, पोषण आहाराचा हिशेब ठेवणे ही नित्याची कामे होत. त्यांना शेवट नसतो. याउलट शाळेच्या छतावरील पावसाचे पाणी साठविण्यासाठी टाके बांधणे ही योजना होय. तिला आरंभ आहे व शेवट आहे; ती एकदाच करावयाची आहे; आणि तिच्यासाठी पैसा, माणसे व दिवस ही तिन्ही मोजकीच मिळणार आहेत. एक वाढविले तर दुसऱ्यावर ताण पडतो, हे योजनेचे पहिले गणित आहे.

या गणिताचे एक मोठे उदाहरण मुरुडच्या लोकांनी आपल्या डोळ्यांदेखत पाहिलेले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या जागी भांडणे होऊ नयेत म्हणून त्या वर्षी मार्च महिन्यात शहरातील पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. तेव्हा कृष्णाकाठच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावयाचे ठरले. ११ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींची पहिली गाडी मिरजेहून निघाली आणि सुमारे ३४२ किलोमीटर अंतर तोडून १२ एप्रिलच्या पहाटे लातुरास पोहोचली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद (आता धाराशिव) असा प्रवास करून मुरुडच्या स्थानकावरूनच ती पुढे गेली.

गाडी धावली ते सर्वांनी पाहिले. वस्तुतः धावणे हा त्या कामातील सर्वांत सोपा भाग होता. रूळ होते, इंजिन होते, चालक होते. अवघड गोष्टी रुळांच्या दोन्ही टोकांस होत्या. ज्या वाघिणींतून एरवी तेल वाहिले जाते त्यांत माणसांनी प्यावयाचे पाणी भरावयाचे, म्हणून त्या राजस्थानातील कोटा येथील रेल्वेच्या कारखान्यात वाफेने आतून स्वच्छ करून घ्याव्या लागल्या. मिरजेस एवढे पाणी थोड्या वेळात वाघिणींत चढविण्याजोगी व्यवस्था आधी नव्हती. नवी जलवाहिनी टाकण्याचे काम चालू असतानाच पहिल्या गाड्या सोडाव्या लागल्या, आणि म्हणून त्या दहा वाघिणींच्याच होत्या. लातुरास पाणी उतरवून घेण्यासाठी स्थानकाजवळची एक मोठी विहीर घेण्यात आली. तेथून ते शुद्धीकरणासाठी पुढे न्यावयाचे होते. भरण्याची सोय पुरी झाल्यावर, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून, पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. गाडीचा वेग वाढविला असता तर लातूरकरांस एक घागरही जास्त मिळाली नसती. मिरजेची नळवाट रुंद झाली तेव्हा पाणी पाचपट झाले. काम ज्या ठिकाणी अडते ते ठिकाण शोधून तेथेच हात घालावयाचा असतो.

आता हिशेब पाहावा. एका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी धरले, तर पहिल्या गाडीत पाच लाख लिटर आणि पुढच्या मोठ्या गाडीत पंचवीस लाख लिटर पाणी आले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांवर होती. भागाकार केला तर पहिल्या गाडीचे पाणी माणशी सव्वा लिटरच्या आसपास, आणि मोठ्या गाडीचे साडेसहा लिटर पडते. म्हणजे गाडीने शहराची तहान सर्वस्वी भागेल अशी अपेक्षा करणेच चूक होते. जवळपासचे बंधारे, विंधन विहिरी, टँकर आणि काटकसर यांच्या जोडीस ती एक भर होती. योजना आखताना ‘हे काम किती भागवील आणि किती भागविणार नाही’ हे आरंभीच अंकांत लिहून ठेवले नाही, तर काम उत्तम होऊनही लोक नाराज होतात. लातूरची पाणीगाडी त्या वर्षीच्या पावसाळ्यात बंद झाली. तिची मुदतही कामाच्या स्वरूपातच होती.

या गाडीमागे आणखी एक जुनी आखणी उभी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बांधलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातुरापर्यंत आली. तिचे रूळ अडीच फुटांच्या अंतराचे होते. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असे कॅलथ्रॉपने इंजिनापासून डब्यापर्यंत सर्वत्र ठरविले होते, म्हणून हलके व स्वस्त रूळ पुरले. मोजक्या पैशांत काम बसविण्याचा तो नमुनाच होता. पण चार आसांच्या वाघिणीत पन्नास हजार लिटर पाणी भरले की नुसत्या पाण्याचाच भार प्रत्येक आसावर साडेबारा टन होतो. जुन्या मार्गावर असे पाणी आलेच नसते. लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग २००८ पर्यंत रुंद झाला आणि पुढे पंढरपूर ते मिरज हा भागही रुंद करण्यात आला. हे काम करणाऱ्यांच्या मनात पाणीगाडी नसेल. तथापि त्यांचे काम आधी पुरे झालेले होते म्हणूनच २०१६ चे काम काही दिवसांत उभे राहू शकले.

एवढ्या मोठ्या कामाचे नियम शाळेच्या लहान कामास लागू पडतात काय? पडतात, फक्त आकडे लहान होतात. मुरुडसारख्या गावातील एखाद्या शाळेचे छत पंधरा मीटर लांब व सहा मीटर रुंद आहे असे धरावे. क्षेत्रफळ नव्वद चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर नव्वद लिटर पाणी पडते. गळती व पहिल्या पावसाचे धुवण वजा जाता त्यातील बहात्तर लिटर हाती येईल असे धरावे. पाच हजार लिटरचे टाके भरण्यास सुमारे सत्तर मिलिमीटर पाऊस लागेल. शाळेत एकशेवीस मुले असतील आणि हात धुणे व स्वच्छतागृह यांसाठी प्रत्येकी दोन लिटर पाणी लागेल, तर दिवसाचा खर्च दोनशे चाळीस लिटर. भरलेले टाके वीस-एकवीस शाळेचे दिवस पुरेल. मराठवाड्यातील पावसाच्या मधल्या उघडिपीत एवढे पाणी फार उपयोगाचे आहे, पण ते उन्हाळा काढणार नाही. ठरावात हे असेच लिहावे.

त्यानंतर कामे पाडावीत आणि प्रत्येकाच्या आधी कोणते काम पुरे व्हावयास पाहिजे ते ठरवावे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव व अंदाजपत्रक यांस तीन आठवडे, मंजुरीस सहा, साहित्य आणण्यास दोन, पाया व बांधकाम यांस दोन, गिलावा करून त्यावर पाणी मारण्यास तीन आणि चाचणीस एक असे धरले, तर एकामागून एक सतरा आठवडे होतात. या साखळीतील कोणत्याही कामास एक आठवडा उशीर झाला की सर्व काम एक आठवडा मागे पडते. छताच्या पन्हळी बसविण्याचे काम मात्र या साखळीबाहेर आहे. साहित्य आल्यापासून चाचणीपर्यंत केव्हाही दोन आठवडे काढून ते करता येते; त्यास सवड आहे. कोणत्या कामास सवड आहे आणि कोणत्यास नाही, हे ओळखण्याची रीत अमेरिकेतील ड्यू पाँट या कंपनीत १९५७ च्या सुमारास पद्धतशीरपणे मांडली गेली आणि पुढे धरणे, कारखाने व जहाजे यांच्या बांधणीत सर्वत्र पसरली. शेतकऱ्यास ही रीत नवी नाही. पेरणीची वाफ चुकली तर वर्ष जाते, कुंपण मात्र पंधरा दिवसांनी घातले तरी चालते, हे तो जाणतो.

पावसाळा जूनमध्ये लागतो. म्हणून जूनपासून मागे सतरा आठवडे मोजून फेब्रुवारीच्या आरंभी ठराव केला तर चालेल, असे कागदावर दिसते. येथेच पुष्कळांची फसगत होते. तसे केल्यास गिलाव्यावर पाणी मारण्याचे दिवस मे महिन्यात येतात. त्या वेळी गावात प्यावयास पाणी नसते. टाक्यास कोण देणार? पाणी न मिळालेला गिलावा तडकतो आणि पाणी साठविण्यासाठी बांधलेले टाके पाण्यावाचून निकामी होते. शिवाय मे महिन्यात शाळेस सुटी असते. विहिरीस पाणी असताना, म्हणजे फेब्रुवारीअखेर, टाके तयार व्हावयास पाहिजे. तेथून मागे मोजले तर ठराव नोव्हेंबरच्या आरंभी, दिवाळीच्या सुमारास येतो. खोदाईस लागणारे श्रमदानही अशाने सोयीच्या वेळी पडते: सोयाबीनची काढणी उरकलेली असते आणि ज्वारीच्या काढणीस अवकाश असतो. ज्या गावातून ऊसतोडीस माणसे जातात तेथे घरी कोण राहणार आहे, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

साखळीतील सर्वांत लांब कडी मंजुरीची आहे आणि ती शिक्षकाच्या हाती नाही. हाती आहे ते एवढेच की प्रस्तावात त्रुटी राहू नये. जागेचा नकाशा, मोजमापे, दरपत्रके व ठरावाची प्रत एकाच वेळी जोडल्यास कागद परत येण्याचे कारण उरत नाही. मंजुरीपूर्वी सिमेंट आणून ठेवण्याचा मोह टाळावा. पोती दमट खोलीत पडून गोळे होतात आणि मंजुरी न आल्यास पैसाही अडकतो. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमान्वये शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे व तिच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. टाके त्या आराखड्यात आधीच दाखविलेले असेल तर मागणीस आधार मिळतो.

व्यवस्था म्हणजे ठरल्याप्रमाणे काम होते की नाही यावर लक्ष ठेवणे. प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव लिहावे. ‘समितीने करावे’ असे लिहिलेले काम बहुधा कोणीच करीत नाही. एका वहीत ठरलेली तारीख, झालेली तारीख आणि फरकाचे कारण असे तीन रकाने आखावेत व दर शनिवारी शाळा सुटल्यावर पाव तास ती वही पाहावी. ठरलेली तारीख खोडून नवी घालण्याची सवय वाईट. ती खोडली की उशीर किती झाला हेच नाहीसे होते आणि पुढील वर्षीच्या कामास उपयोगी पडणारी माहितीही जाते. खर्चासही हाच नियम. अंदाजापेक्षा अधिक लागलेला रुपया लपवू नये, त्याच्यापुढे कारण लिहावे. अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चाची थोडी रक्कम आरंभीच धरलेली असली म्हणजे ते अवघड जात नाही.

मुलांना या कामापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. मुलांनी एखादे सहेतुक काम आरंभापासून शेवटापर्यंत पार पाडीत शिकावे, हा विचार विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९१८ मध्ये मांडला. चौथीच्या मुलांनी छत बाहेरून मोजावे, क्षेत्रफळ काढावे, उभट बाजूच्या डब्यात पडलेला पाऊस पट्टीने मोजून त्यावरून टाक्यात किती लिटर यावयास पाहिजे ते सांगावे आणि प्रत्यक्ष किती आले ते पाहावे. फरक आढळला की पन्हळ कोठे गळते याचा शोध मुलेच घेतील. विटा उचलण्याचे व छतावर चढण्याचे काम त्यांस देऊ नये.

टाके भरले म्हणजे योजना संपत नाही. गळती नाही हे पाहून, हिशेब समितीपुढे ठेवून, वही बंद करून कपाटात ठेवली म्हणजे ती संपते. पुढे दर वर्षी मृगापूर्वीच्या आठवड्यात पन्हळी झाडणे, जाळी धुणे आणि पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून देणे हे काम उरते. ते हजेरीसारखेच नित्याचे आहे. ते कोणी करावयाचे त्याचे नाव शाळेच्या वार्षिक नियोजनात जूनच्या पानावर लिहून ठेवावे.