सर्व्हर बसला म्हणून लगेच रिपेअर मारू नका!

अकोला-अमरावतीकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात लाइट गेली अन् यूपीएसनं मान टाकली की कॉलेजातला, दवाखान्यातला सर्व्हर धाडकन बंद पडतो. मग फाइल सिस्टीम माउंट होत नाही.

लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड, म्हणजे अनेक डिस्कची मिळून एक ॲरे, असेल तर आधी तिची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाइल बघा. रेड ५ एक डिस्क गेली तरी तगतो, दुसरी गेली की खेळ संपला. डिस्क एरर देत असेल तर अगोदर डीडीरेस्क्यूनं तिची कॉपी काढा. रिपेअर टूल डिस्कवर लिहितं, आणि ते लिहिलेलं परत फिरवता येत नाही.

टूल नेहमी पूर्ण ॲरेवर, म्हणजे उदाहरणार्थ एमडी० वर चालवा, तेही अनमाउंट करून. रेड १, म्हणजे मिरर असेल आणि सुट्या डिस्कवर चालवलं तर दोन्ही प्रती आपसात जुळणार नाहीत.

फाइल सिस्टीम एक्सएफएस असेल तर तपासणीचं नेहमीचं टूल एफएससीके काहीच करत नाही, तरी ‘सगळं ठीक’ सांगून मोकळं होतं! तिथं एक्सएफएस रिपेअर लागतं, पहिल्यांदा ‘-एन’ लावून, म्हणजे नुसती तपासणी. लॉग शिल्लक असल्याची तक्रार आली तर एकदा माउंट करून अनमाउंट करा. मोठ्या लिपीतला ‘-एल’ लॉगच पुसतो. तो अगदी शेवटचा उपाय.

उन्हाळा लागायच्या आत यूपीएसची बॅटरी बदला आणि बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत काढून बघा, मंडळी.