शिक्षणमंत्री अबुधाबीला जातात, त्याचं दौंड-शिरूरच्या मुलांना काय?

केंद्रीय शिक्षणमंत्री परदेश दौऱ्यावर गेले, तिथल्या मंत्र्यांसोबत करारावर सह्या केल्या, अशा बातम्या आणि फोटो अधूनमधून आपल्या मोबाईलवर येतात. मग दौंड आणि शिरूरमधले पालक आम्हा शिक्षकांना विचारतात, "सर, याच्यानं आमच्या पोराला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. आपली बरीच मंडळी दुबई, शारजा, मस्कत, रियाधला कामाला आहेत आणि शिकणाऱ्या मुलांचीही नजर तिकडे असते. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

आझादांनी सुरू केलेली वाट

अशा दौऱ्यांची सुरुवात आपल्या पहिल्या शिक्षणमंत्र्यांपासून, म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद यांच्यापासून झाली. मौलानांचं नाव आपल्या भागाला नवीन नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झाल्यावर त्यांना पुण्यावरून रेल्वेने अहमदनगरला नेलं आणि एप्रिल १९४५ पर्यंत तिथल्या किल्ल्यात ठेवलं. पुण्याहून नगरला जाणारी रेल्वे दौंडवरूनच जाते.

स्वातंत्र्यानंतर मौलानांनी १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. १९५१ मध्ये ते युनेस्कोच्या परिषदेसाठी पॅरिसला गेले आणि त्याच दौऱ्यात तुर्कस्तान व इराणलाही भेट दिली. भारत-तुर्कस्तान सांस्कृतिक करार त्याच वर्षी अंकारात झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खरगपूरला देशातल्या पहिल्या आयआयटीचं उद्घाटनही मौलानांनी केलं. घरात चांगली तालीम उभी करायची आणि शेजारच्या मुल्कांशी तिची देवाणघेवाण करायची, ही दोन्ही कामं त्यांनी बरोबरच चालवली.

आता काय घडतंय?

जुलै २०२३ मध्ये आयआयटी दिल्लीचा कॅम्पस अबुधाबीत उघडण्याचा करार झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये शिक्षणमंत्री धर्मेंद्र प्रधान यूएईला गेले. तिथले तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. अहमद बेलहूल अल फलासी यांच्यासोबत त्यांनी शैक्षणिक सहकार्याच्या करारावर सही केली. विद्यार्थी-शिक्षकांची ये-जा सोपी व्हावी आणि एकमेकांच्या पदव्यांना मान्यता मिळण्याची वाट मोकळी व्हावी, हा त्याचा हेतू होता.

२०२४ मध्ये अबुधाबीच्या आयआयटीत आधी एमटेक आणि मग बीटेक सुरू झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या पुण्याच्या सिम्बायोसिसच्या दुबई कॅम्पसचं उद्घाटन झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये आयआयएम अहमदाबादचा दुबई कॅम्पसही उघडला. त्या वेळीही शिक्षणमंत्री यूएईच्या दौऱ्यावर होते. म्हणजे हे दौरे नुसते हारतुऱ्यांचे नसतात, त्यातून इमारती आणि अभ्यासक्रम उभे राहतात.

करार झाला म्हणून पदवी चालते का?

इथे बऱ्याच पालकांचा गैरसमज होतो. सामंजस्य करार म्हणजे दोन सरकारांनी एकमेकांना दिलेला शब्द. त्याच्यावर पुढे नियम आणि कार्यपद्धती बनते. करार झाला म्हणून आपल्या मुलाचं बीकॉम किंवा मुलीचं बीएड तिकडे आपोआप मान्य होत नाही. तपासणी प्रत्येकाच्या कागदाची वेगळी होते.

यूएईसाठी साधारण क्रम असा: आधी बोर्ड किंवा विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य शासनाची, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, त्यानंतर यूएईचा दूतावास आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. ओमान आणि सौदी अरेबिया अपोस्टिल करारात आहेत (सौदी डिसेंबर २०२२ पासून), त्यामुळे तिकडच्या कागदांना दूतावासाच्या शिक्क्याऐवजी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का चालतो. पण शिक्के कमी असोत वा जास्त, प्रत्येक टेबलावर पहिली गोष्ट बघतात ती नाव.

आपली मुलं अडतात ती नावावर

हे आम्ही शाळेत रोज बघतो. जन्मदाखल्यावर 'शेख'चं इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, दहावीच्या मार्कशीटवर तिसरं. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे नुसतं 'मो.' किंवा 'एमडी'. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर आडनावच नाही. उर्दू शाळेतून मराठी किंवा इंग्रजी शाळेत जाताना नाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जातं आणि लिहिणारा ऐकेल तसं लिहितो. घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. दहा वर्षांनी व्हिसाच्या वेळी तोच एक अक्षराचा फरक नोकरी अडवतो.

पासपोर्टचंही तसंच. नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर फक्त एकच नाव असणाऱ्यांना भेटीच्या किंवा पर्यटक व्हिसावर प्रवेश देण्यावर यूएईने निर्बंध घातले आहेत. पासपोर्टचा अर्ज भरतानाच नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरा.

पालकांनी काय करायचं?

पहिलं काम, मुलगा असो वा मुलगी, शाळेत आहे तोवर जनरल रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव बघून घ्या. चूक असेल तर जन्मदाखला घेऊन मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. तो पुढे शिक्षणाधिकाऱ्यांकडे मान्यतेला जातो. शाळा सोडल्यावर हीच दुरुस्ती फार अवघड होते.

दुसरं, दहावी-बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरल्यावर शाळा प्री-लिस्ट दाखवते. पुष्कळ पालक न वाचताच सही करतात. असं करू नका, एकेक अक्षर जुळवा. मार्कशीटवर तेच छापून येणार आहे.

तिसरं, आधार आणि शाळेची नोंद सारखी करा. 'अपार' आयडी तयार होतानाही हीच जुळणी लागते.

चौथं, बहिःस्थ किंवा दूरशिक्षणाने पदवी घेण्याआधी ज्या देशात आणि ज्या कामासाठी जायचं आहे, तिथे ती चालते का, हे विचारा. शिक्षकाच्या नोकरीसाठी तर नक्कीच विचारा.

आणि हुशार मुलांना सांगा, अबुधाबीच्या आयआयटीत बीटेकला जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून जाता येतं. तयारी इथेच, अकरावीपासून करायची असते.

मंत्री करार करतील, कॅम्पस उघडतील. आपल्या मुलाचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं ठेवायचं काम मात्र घरातच करावं लागेल. या जुम्म्याच्या नमाजनंतर किंवा रविवारी अर्धा तास काढा, सगळे कागद एका ठिकाणी मांडा आणि नावं जुळवून बघा. काही चूक सापडली, तर सोमवारी शाळेत या. फॉर्म कसा भरायचा ते आम्ही सांगू.