पीएचडीचं एक वर्ष आणि गॅमा किरणांची मोजदाद

पीएचडीच्या विद्यार्थ्याला दरवर्षी समितीपुढे उभं राहून वर्षभराचा हिशेब द्यावा लागतो. आमच्या गटातल्या एका विद्यार्थिनीने पहिल्या वर्षी काय दाखवलं, तर एकच आकडा. तोही जगाला आधीपासून माहीत असलेला. समितीतले एक जण म्हणाले, "मग यात नवीन काय?" आजचं व्याख्यान त्या प्रश्नाबद्दल.

गॅमा किरण जमिनीपर्यंत येतच नाहीत. वातावरणाच्या वरच्या थरात ते हवेच्या अणूंवर आदळतात आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा वर्षाव सुरू होतो. हे कण हवेतल्या प्रकाशापेक्षा वेगाने जातात, म्हणून निळसर चेरेनकोव्ह प्रकाश पडतो, तोही जेमतेम काही नॅनोसेकंद. लडाखमध्ये हानले इथे समुद्रसपाटीपासून सव्वाचार किलोमीटरवर 21 मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण उभारली आहे ती हाच प्रकाश टिपायला.

अडचण अशी, की प्रोटॉनसारखे वैश्विक किरणही असाच वर्षाव करतात, आणि ते कितीतरी पटींनी जास्त असतात. म्हणून दोन मोजण्या करायच्या: एकदा स्रोतावर रोखून, एकदा शेजारच्या रिकाम्या आकाशावर. समजा, स्रोताकडून 1200 घटना आल्या आणि रिकाम्या आकाशातून 1100. जास्तीच्या 100. पण दोन्ही आकडे आपापले डुलतात, आणि फरकातली अनिश्चितता 2300 चं वर्गमूळ, म्हणजे 48. शंभर भागिले 48, जेमतेम दोन सिग्मा. आमच्या क्षेत्रात नवा स्रोत सापडला म्हणायला पाच लागतात. त्यासाठी निरीक्षणाचा वेळ जवळपास सहापट हवा, आणि रात्री तर फक्त निरभ्र, शक्यतो बिनचांदण्याच्या! वर्ष कुठे जातं ते आता कळलं असेल.

आमच्या विद्यार्थिनीने क्रॅब नेब्युला घेतला होता. 1054 साली चिनी निरीक्षकांनी ज्या ताऱ्याचा स्फोट नोंदवला, त्याचे हे अवशेष. 1989 मध्ये व्हिपल दुर्बिणीने त्यातून अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण येतात हे पक्कं केलं. तेव्हापासून हा आमचा वजनकाटा तपासायचा माप. तिचं पहिलं उत्तर मान्य आकड्याच्या जवळजवळ दीडपट आलं. आम्ही सगळे खूश. खरं सांगायचं तर आम्हीच घाई केली. ती मात्र अडून बसली.

कारण सापडायला चार महिने लागले. क्रॅबपासून अंशभर अंतरावर, वृषभातल्या बैलाच्या शिंगाच्या टोकाला, झीटा टॉरी हा ठळक तारा आहे. त्याचा प्रकाश क्रॅबच्या मोजणीत शिरत होता, रिकाम्या आकाशाच्या मोजणीत नव्हता. त्या जादा उजेडामुळे एरवी गाळले गेले असते असे लहान वर्षावही उंबरठा ओलांडत होते. तिने दुसऱ्या मोजणीतही तेवढाच गोंगाट संगणकाने मिसळला, उंबरठा जरा वर नेला, आणि आकडा जागेवर आला.

समितीला तिने हेच सांगितलं. पुढचा स्रोत मार्करियन 421, सुमारे 40 कोटी प्रकाशवर्षं दूरची दीर्घिका. तिची तेजस्विता कधीकधी तासाभरात बदलते. तिथे दीडपट आकडा आला, तर तो खरा की खोटा हे पडताळायला माहीत असलेलं उत्तरच नाही. समितीने आणखी दोन प्रश्न विचारले आणि सही केली. जानेवारीपासून तिची निरीक्षणं सुरू होतील.